नकाशा काय राखतो, काय सोडतो

मर्केटर पद्धतीचा जगाचा नकाशा भिंतीवर टांगलेला आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. वर डावीकडे पांढराशुभ्र ग्रीनलंड, मधोमध आफ्रिका. दोन्ही जवळपास सारखेच मोठे दिसतात. आता आकडे पाहा. ग्रीनलंडचं क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, आणि आफ्रिकेचं ३ कोटी ३ लाखांच्या आसपास. म्हणजे आफ्रिकेत एक नाही, दोन नाही, चौदा ग्रीनलंड मावतील. आफ्रिकेतला काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा एकटा देशच ग्रीनलंडहून मोठा आहे आणि आपला भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे. अमेरिका, चीन, भारत आणि ऑस्ट्रेलिया या चार अवाढव्य देशांची बेरीज केली, तर ती कुठे आफ्रिकेच्या जवळपास पोचते.

आपल्या महाराष्ट्राचंच घ्या. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असा सगळा ब्रिटन धरला तरी तो भरतो २ लाख ४४ हजारांच्या आसपास. एका देशाहून आपलं एक राज्य सव्वापट मोठं! पण त्याच भिंतीवरच्या नकाशात मोजायला जाल, तर ब्रिटन महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट भरेल. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड हे तीन देश मिळून नकाशावर भारताहून मोठे दिसतात. प्रत्यक्षात भारत त्या तिघांच्या बेरजेच्या जवळपास तिप्पट आहे.

एवढी मोठी तफावत रोज डोळ्यांसमोर असते आणि तरी ती खुपत नाही. ही तफावत येते कुठून, याचा माग काढत गेलं की भूगोलाच्या पुस्तकातून आपण थेट गणिताच्या एका सुंदर सिद्धान्तापाशी पोचतो.

एका नारळाला कागद गुंडाळून पाहा. कागद कितीही हलक्या हाताने बसवला तरी कुठे ना कुठे चुण्या पडतात. चुण्या नको असतील तर तो जागोजागी फाडावा लागतो. फाडायचाही नसेल, तर तो ताणला जाणारा हवा. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना उलट्या दिशेने हाच पेच पडतो, आणि वाट्याला येतात त्याही एवढ्याच वाटा: दुमडा, फाडा किंवा ताणा. चौथी वाट सापडणारच नाही, हे गणिताने कायमचं सिद्ध केलं आहे. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर याने गोलाचा हुबेहूब सपाट नकाशा अशक्य असल्याचं दाखवलं. १८२७ मध्ये कार्ल फ्रिडरिश गाउस याने त्याच्या मुळाशी असलेला नियम मांडला. हा गाउस नुसता खोलीत बसून आकडेमोड करणारा नव्हता. त्या वर्षांत हॅनोव्हर राज्याच्या मोजणीचं काम त्याच्याकडे होतं आणि डोंगरमाथ्यांवर दुर्बिणी लावून त्याने स्वतः कोन मोजले होते.

गाउसच्या नियमाचा गाभा एका त्रिकोणात दाखवता येतो. उत्तर ध्रुवावरून शून्य रेखांशाने सरळ खाली या. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात तुम्ही विषुववृत्ताला लागाल. तिथे काटकोनात वळून विषुववृत्तावरून पूर्वेला निघा आणि ९० अंश रेखांशापर्यंत, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या दक्षिणेला हिंदी महासागरात या. पुन्हा काटकोनात वळा आणि सरळ उत्तर ध्रुव गाठा. निघालेल्या वाटेशी परतीची वाट तिथेही काटकोनच करते. त्रिकोण एक, पण त्याचे तिन्ही कोन ९० अंशांचे, बेरीज २७०. शाळेत घोटून घेतलेली १८० अंशांची बेरीज सपाट कागदापुरती खरी असते. कागदावर असा त्रिकोण काढताच येत नाही. मग त्या तीन रेषांनी वेढलेला अरबस्तान, इराण आणि मध्य आशियाचा मुलूख कागदावर जसाच्या तसा कसा उतरणार? काहीतरी सोडावंच लागतं. अंतरं, क्षेत्रफळं, दिशा, आकार या सगळ्या गोष्टी सगळीकडे एकदम राखणारा सपाट नकाशा कुणी काढलेला नाही आणि कुणालाही काढता येणार नाही.

तेव्हा खरा प्रश्न उरतो तो निवडीचा. गेरार्डस मर्केटरने काय निवडलं होतं?

मर्केटरचा जन्म १५१२ सालचा, फ्लँडर्समधल्या रुपेलमोंड गावचा. नकाशे कोरणं, पृथ्वीगोल घडवणं, मोजमापाची उपकरणं बनवणं हा त्याचा व्यवसाय. १५४४ मध्ये धर्मद्रोहाच्या संशयावरून त्याला काही महिने तुरुंगात काढावे लागले. पुढे तो डुइसबुर्गला जाऊन राहिला आणि तिथे १५६९ मध्ये त्याने अठरा तावांचा, सुमारे दोन मीटर रुंदीचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. हा नकाशा दर्यावर्दी लोकांच्या वापरासाठी आहे, असं त्याच्या मथळ्यातच लिहिलेलं होतं.

दर्यावर्दी माणसाची गरज अगदी नेमकी होती. भर समुद्रात त्याच्या हाती होकायंत्र असे. सुईशी एकच कोन धरून जहाज हाकत राहिलं तर पृथ्वीवर त्याचा मार्ग वळत वळत ध्रुवाकडे सरकणाऱ्या मळसूत्री रेषेचा होतो. आधीच्या नकाशांवर ही रेषा वाकडी उमटायची आणि ती आखणं जिकिरीचं होतं. मर्केटरला असा नकाशा हवा होता की बंदरापासून बंदरापर्यंत पट्टी ठेवावी, रेघ मारावी, तिचा कोन मोजावा आणि सुकाणू त्या कोनावर धरावं.

त्यासाठी त्याने काय केलं ते पाहा. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. उत्तरेकडे सरकलं की अक्षवृत्तं आखूड होत जातात. ६० अंशांवर, म्हणजे ओस्लो आणि सेंट पीटर्सबर्गच्या पट्ट्यात, हा घेर २०,००० किलोमीटरच उरतो. पण मर्केटरच्या चौकोनी नकाशात दोन्ही वृत्तं सारख्याच लांबीच्या आडव्या रेघा आहेत. म्हणजे ओस्लोजवळची जमीन आडवी दुप्पट ताणली गेली. एवढ्यावर थांबलं तर तिथला प्रत्येक आकार चपटा होईल आणि कोन बिघडतील. म्हणून मर्केटरने तिथे उभा ताणही तेवढाच दिला. दोन्हीकडून दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंडच्या मध्यावर, ७२ अंशांपाशी, ही फुगवण दहापटीच्या वर जाते. ८० अंशांवर ती तेहेतीसपट होते. खुद्द ध्रुवावर तिला अंतच राहत नाही, त्यामुळे मर्केटरचा नकाशा कितीही उंच कागदावर काढला तरी ध्रुव त्यावर येऊच शकत नाही. महाराष्ट्र १९-२० अंशांच्या आसपास असल्यामुळे आपण फुगतो जेमतेम बारा-तेरा टक्के. केरळच्या वाट्याला तर तीन टक्केच येतात.

या उभ्या ताणाचं गणित मर्केटरच्या काळात कुणालाच नीट येत नव्हतं. त्याने ते भूमितीच्या अंदाजाने साधलं. तीस वर्षांनी, १५९९ मध्ये, एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने विषुववृत्तापासून वर एकेका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, ताण मोजला आणि बेरजा करत करत नाविकांसाठी कोष्टकं तयार केली. पुढे १६४०च्या दशकात हेन्री बाँडच्या लक्षात आलं की या कोष्टकातले आकडे त्रिकोणमितीच्या एका अगदी वेगळ्या, लॉगॅरिदमच्या कोष्टकातल्या आकड्यांशी जुळतात. का जुळतात हे ठाऊक नव्हतं. सिद्धता मिळाली १६६८ मध्ये, जेम्स ग्रेगरीकडून. जहाजं वाट चुकू नयेत म्हणून केलेल्या बेरजांमधून कलनशास्त्राच्या उंबरठ्यावरचं एक रत्न हाती लागलं. हे वाचताना मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

मर्केटरची सरळ रेघ होकायंत्राला सोयीची होती. जवळची मात्र ती नव्हे. हे बघायला एक पृथ्वीगोल आणि हातभर दोरा पुरे. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो पश्चिमेला जाईल असं वाटत असतं. जातो मात्र उत्तरेला. पाकिस्तान ओलांडून तो तुर्कमेनिस्तानात अश्गाबातच्या जवळून जातो, रशियातून सेंट पीटर्सबर्गच्या आसपास पोचतो, मग नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकालगतचा समुद्र आणि तिथून कॅनडाच्या किनाऱ्याने न्यूयॉर्क. हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात या दोन शहरांमध्ये मारलेली सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त आणि सहारा ओलांडून अटलांटिकमध्ये शिरते. दिसायला ती आखूड, पण जमिनीवर भरते १४,२०० किलोमीटर. वारे, इंधन आणि हवाई हद्दींच्या बंधनांमुळे विमानांना प्रत्यक्षात दोऱ्याची वाट थोडीफार सोडावी लागते. तरी अमेरिकेला निघालेलं विमान समोरच्या पडद्यावर उत्तरेकडे कमान घेताना दिसलं, तर ते वळसा घेत नसतं. वाकलेला असतो तो पडद्यावरचा नकाशा.

मर्केटरने कोन राखले आणि क्षेत्रफळं सोडली. इतरांनी दुसरे सौदे केले. योहान हाइनरिश लांबर्टने १७७२ मध्ये क्षेत्रफळं चोख राखणाऱ्या पद्धती मांडल्या. १८५५ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स गॉलने असाच एक समक्षेत्र नकाशा सुचवला. आर्नो पीटर्सने १९७३ मध्ये जर्मनीत तशाच नकाशाचा जोरदार पुरस्कार केला, आणि गरीब देश नकाशावर लहान दाखवले जातात या मुद्द्यावरून जगभर वाद पेटला. त्या नकाशात आफ्रिकेचं क्षेत्रफळ बरोबर आहे, पण त्यासाठी ती उभी ताणली गेली आहे. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने १९९८ मध्ये जगाच्या नकाशासाठी ऑस्वाल्ड विंकेलची १९२१ची पद्धत स्वीकारली. या पद्धतीत कोन, क्षेत्रफळ आणि अंतर यांपैकी काहीच अगदी अचूक नसतं, पण प्रत्येकातली चूक आवाक्यात ठेवलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हावरचं जग तर उत्तर ध्रुव मध्यभागी धरून काढलेलं आहे. तिथे ध्रुवापासूनची अंतरं प्रमाणात आहेत आणि दक्षिण गोलार्ध पसरून कडेला गेला आहे.

२०१८ मध्ये टॉम पॅटरसन, बोयान शाव्रिच आणि बर्नहार्ड येनी या तिघांनी ‘इक्वल अर्थ’ हे प्रक्षेपण मांडलं. यात क्षेत्रफळं खरी राहतात आणि खंडांचे आकारही डोळ्यांना ओळखीचे वाटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटरऐवजी असे नकाशे वापरण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. त्या मागणीमागची भावना समजून घ्यायला हवी. पिढ्यान्पिढ्या मुलं ज्या चित्राकडे बघत मोठी होतात, त्यातून कोण मोठं, कोण लहान याचे अडाखे मनात घर करतात. तीन कोटी चौरस किलोमीटरचा खंड ग्रीनलंडच्या बरोबरीला आणून ठेवला, की तिथल्या वाळवंटांची, जंगलांची, भाषांची आणि माणसांची व्याप्तीही मनात तेवढीच आकसते.

आकाराचा पेच पृथ्वीच्या गोलाईतून येतो. एखादी जागा नेमकी कुठे आहे, हा पेच वेगळा आणि तितकाच खोल आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हजारो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश नोंदवले. त्याच्या यादीत नाशिक आहे. सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी म्हणून आपलं पैठणही आहे. पण त्याच्या आकड्यांवरून नकाशा काढला की भारताचं द्वीपकल्प जवळजवळ नाहीसं होतं. किनारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सपाट धावतो आणि खालची श्रीलंका कित्येक पटींनी फुगून बसते. टॉलेमीकडे आधार होता तो व्यापारी आणि खलाशी सांगतील त्या दिवसांच्या प्रवासाचा. शिवाय त्याने पृथ्वीचा घेरच खऱ्यापेक्षा बराच कमी धरला होता. भूमध्य समुद्राची लांबी त्याने रेखांशाचे ६२ अंश मानली. ती आहे ४२च्या आसपास.

पुढे दुर्बिणी आल्या, कोन मोजणारी यंत्रं आली. तरी एक चोरटी चूक शिल्लक राहिली. आकाशातल्या ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा तर ‘सरळ वर’ म्हणजे नेमकं कुठे, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवतो ओळंबा. गवंडी भिंत तपासताना सोडतो तोच. एकोणिसाव्या शतकात भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं: एकदा जमिनीवर त्रिकोण मोजून, एकदा ताऱ्यांवरून. उत्तरांमध्ये ५.२३६ विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) फरक आला, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. सुमारे ६०० किलोमीटरच्या मापात १६० मीटर म्हणजे फार काही नाही असं कुणालाही वाटेल. पण त्या मोजणीदारांच्या कामाच्या प्रतीला एवढी चूक शोभणारी नव्हती, म्हणून तिचा पिच्छा पुरवला गेला.

संशय हिमालयावर गेला. एवढ्या प्रचंड पर्वताचं गुरुत्वाकर्षण ओळंब्याला आपल्याकडे ओढणार, हे उघड होतं. कलकत्त्यात राहणारे धर्मगुरू आणि गणितज्ञ जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये ही ओढ किती असावी याचा हिशेब मांडला. आणि उत्तर आलं फरकाच्या जवळपास तिप्पट! हिमालय ओळंब्याला ओढत होता खरा, पण त्याच्या आकारमानाच्या मानाने फारच कमी. मग पर्वताखाली काय दडलं आहे? जॉर्ज एअरी या ज्योतिर्विदाने सुचवलं की पर्वतांची मुळं खोलवर गेलेली असतात, ती भोवतालच्या खडकापेक्षा हलकी असतात आणि त्यांच्यावर पर्वत तरंगतात. नकाशातली १६० मीटरची चूक शोधता शोधता माणसाला भूकवचाच्या समतोलाची चाहूल लागली.

याच एअरीच्या दुर्बिणीवरून १८८४ मध्ये ग्रीनिचची शून्य रेखांशाची रेषा जगाने मान्य केली. आज तिथे पर्यटक जमिनीतल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून फोटो काढतात. पण हातातलं जीपीएस तिथे शून्य दाखवत नाही. शून्य येतं पूर्वेला सुमारे १०२ मीटर चालून गेल्यावर. मुख्य कारण तेच. एअरीने ‘सरळ वर’ ठरवलं ते तिथल्या गुरुत्वाकर्षणावरून, आणि ते किंचित कललेलं आहे. उपग्रह मोजतात ते सगळ्या पृथ्वीचं केंद्र धरून.

आज मर्केटर आपल्या खिशात आहे. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे त्याच्याच पद्धतीवर उभे आहेत आणि त्याला सबळ कारण आहे. गल्ली, चौक, वळणं दाखवायची तर कोन बरोबर हवेत. काटकोनातला चौक काटकोनातच दिसायला हवा, मग तो दादरचा असो की ओस्लोचा. पडद्यावरचं झूम न बदलता असा सपाट नकाशा मुंबईहून ओस्लोपर्यंत सरकवत न्या आणि कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर लक्ष ठेवा. पडद्यावरचा तोच एक सेंटिमीटर ओस्लोला पोचेपर्यंत मुंबईतल्या अंतराच्या जवळपास निम्मंच अंतर दाखवू लागतो. जगभर पाहायचं असेल तेव्हा हा नकाशा फसवतो. गूगलने २०१८ पासून संगणकावर पूर्ण झूम आउट केल्यावर पृथ्वीगोल दाखवायला सुरुवात केली, ती म्हणूनच स्वागतार्ह.

नकाशा खरा की खोटा, असं विचारून हाती काही लागत नाही. विचारायला हवं ते असं: हा कुणासाठी काढला, यात काय राखलं आणि त्यासाठी काय सोडलं? मर्केटरने हे प्रामाणिकपणे मथळ्यातच सांगितलं होतं. समुद्रावर वाट दाखवणारं ते साधन आपण उचलून वर्गाच्या भिंतीवर जगाचं चित्र म्हणून लावलं आणि त्याला भलताच प्रश्न विचारत राहिलो.

म्हणून शाळांकडे एक मनापासूनची मागणी आहे. प्रत्येक वर्गात एक पृथ्वीगोल असू द्या, मुलांचे हात लागतील एवढा खाली ठेवलेला. भिंतीवर समक्षेत्र नकाशा लावा. इक्वल अर्थचा मोठा नकाशा फुकट उतरवून घेता येतो, छापायचा खर्च तेवढा येतो. त्याच्या शेजारी मर्केटरही राहू द्या, आणि दोन्हींमधला महाराष्ट्र आणि ब्रिटन मुलांना स्वतः मोजायला लावा. दोन नकाशांची दोन उत्तरं का आली, हे ज्या मुलीला एकदा उमगेल, ती पुढे निवडणुकीचा, पावसाचा, धरणाचा किंवा विकास आराखड्याचा कुठलाही नकाशा समोर आला की त्यात काय राखलं आणि काय सोडलं हे विचारल्याशिवाय राहणार नाही.